एकाच गेमचे पाच भाव

फैजपूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

“मी पतसंस्थेत नोकरी करते. धाकटा भाऊ बारावी पास झाला, मार्क चांगले पडले, म्हणून त्याला पीएस५, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा प्लेस्टेशन, घेऊन दिला, डिस्क घालता येते तो. आता त्याला एक नवा गेम हवा आहे. प्लेस्टेशनच्या ऑनलाइन स्टोअरवर तो ४,९९९ रुपयांना आहे. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये नवी डिस्क ४,४०० ला सांगितली, वापरलेली २,८०० ला. दुबईचा मामेभाऊ म्हणतो, मी येताना आणतो. भावाचा मित्र म्हणतो, तुर्कस्तानचं अकाउंट काढ, निम्म्यात मिळेल. आणि व्हॉट्सॲपवर एक जण हाच गेम ९०० रुपयांत द्यायला तयार आहे. आई म्हणते, ‘इतला पैसा कसाले?’ वस्तू एक आणि भाव पाच, हे कसं? ९०० वाला फसवतोय का? आणि तुर्कस्तानचं अकाउंट काढणं म्हणजे आपण फसवणं का? मला गेममधलं काही कळत नाही, पण पैसे माझे जाणार आहेत.”

ताई,

तुम्हाला गेममधलं कळत नसेल, पण भावातलं नक्की कळतं. तुम्ही फैजपूरच्या. केळीचा रावेरचा भाव आणि बऱ्हाणपूरचा भाव यावरून घरात रोज बोलणं होतच असेल. घड तोच, कापणी त्याच दिवसाची, तासाभराच्या रस्त्यावर राज्य बदलतं आणि भावही बदलतो. गेमचंही तसंच आहे, फक्त एक मोठा फरक आहे. केळी वाहून न्यावी लागते, ती पिकते, सडते. गेम बनवायचा खर्च एकदाच होतो, आणि तो प्रचंड असतो. त्यानंतर फैजपूरला एक प्रत डाउनलोड झाली काय आणि टोकियोला झाली काय, कंपनीला जवळपास काहीच खर्च येत नाही. त्यामुळे भाव मालाच्या खर्चावरून ठरत नाही. त्या त्या देशातल्या माणसाला किती परवडेल, यावरून ठरतो.

तुमच्याच गेमचं बघा. अमेरिकेत असे मोठे पीएस५ गेम ७० डॉलरला असतात, आणि तो भाव तिथला विक्रीकर सोडून सांगतात. डॉलर ८५ रुपये धरला तरी ५,९५० होतात. त्यावर आपला १८ टक्के जीएसटी लावला तर सात हजारांच्या वर जातं. आपल्याकडे तोच गेम जीएसटी धरून ४,९९९. पीएस५ बाजारात आला तेव्हा त्याच्यासोबत आलेल्या, प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीच्याच मोठ्या गेमना हाच भाव होता. म्हणजे ४,९९९ हा आकडा बघून तुमच्या आईचा जीव दडपला असेल, आणि दडपणारच, पण तो आधीच भारतासाठी उतरवलेला भाव आहे. पुरेसा उतरवला आहे का? माझं स्पष्ट मत आहे की नाही. आपल्या भागात नव्यानं नोकरीला लागलेल्या मुलाच्या आठवड्याच्या पगारापेक्षा एक गेम महाग असेल, तर तो भाव आमच्याकडे बघून ठरवलेला नाही. मुंबई-बंगळुरूच्या एका पट्ट्याकडे बघून ठरवलेला आहे.

कॉम्प्युटरवरच्या गेमचं याहून बरं आहे. स्टीम नावाचं जे मोठं ऑनलाइन दुकान आहे, तिथे नोव्हेंबर २०१५ पर्यंत आपल्याला डॉलरमध्येच पैसे भरावे लागायचे. त्यानंतर रुपयातले भाव आले आणि कित्येक गेम एकदम आवाक्यात आले. स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी प्रत्येक चलनासाठी एक भाव सुचवते, पण शेवटचा आकडा गेमची प्रकाशक कंपनीच टाकते. म्हणून एक गेम अमेरिकेच्या निम्म्या भावात दिसतो आणि शेजारचाच दुसरा डॉलरचा सरळ गुणाकार करून ठेवलेला असतो. तिथे एक चांगली सोय अशी की घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशनच्या दुकानातही १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलं की ती सवलत संपते. भावाला हे आधीच सांगून ठेवा, कारण मुलं पैसे भरल्याच्या पुढच्या सेकंदाला डाउनलोड दाबतात.

आता तुर्कस्तान.

तिथे भाव कमी होते हे खरं. तिथलं चलन, लिरा, घसरत गेलं, लोकांच्या हातात पैसा कमी, म्हणून कंपन्यांनी भाव खाली ठेवले. अर्जेंटिनाचंही तेच. मग जगभरातून लोक तिथली खाती काढून खरेदी करू लागले. स्टीमनं खात्याचा देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येईल आणि त्या देशाचंच पैसे भरायचं साधन लागेल, असा नियम केला. तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉल्व्हनं तुर्कस्तान आणि अर्जेंटिना या दोन्ही देशांचं स्वतःचं चलन बंद केलं आणि तिथले भाव डॉलरमध्ये नेले. कारण सांगितलं चलनाच्या सततच्या चढउताराचं. एका रात्रीत तिथल्या पोरांना कित्येक गेम कित्येक पटींनी महाग झाले. इस्तंबूलच्या एखाद्या कॉलेजातल्या मुलाला जो भाव परवडत होता, तो गेला. मला ही गोष्ट मनापासून लागते, कारण तो मुलगा आणि तुमचा भाऊ एकाच परिस्थितीतले आहेत. रुपयाचा आपला भावही असाच कोणीतरी एका टेबलावर बसून ठरवतो, आणि तसाच काढूनही घेऊ शकतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर: हो, मी तुर्कस्तानला राहतो असं लिहून खातं काढणं हे खोटं सांगणं आहे. पोलिस येणार नाहीत. पण प्लेस्टेशनच्या खात्याचा देश एकदा लिहिला की पुढे कधीच बदलता येत नाही. त्या खात्यावर घेतलेले गेम त्या देशाच्या दुकानाला बांधलेले राहतात, त्या गेमला पुढे विकत घेऊन जोडायचे नवे भाग, म्हणजे जोडभागही, तिथूनच घ्यावे लागतात. तुमचं इथलं कार्ड तिथे सहसा चालत नाही, म्हणून तिथली गिफ्ट कार्डं कोणा मध्यस्थाकडून घ्यायची, त्याचं कमिशन द्यायचं. आणि खात्यावर खोटी माहिती आहे म्हणून कंपनीनं उद्या ते बंद केलं, तर तक्रार करायला तोंड राहत नाही. भाऊ आता अठराचा असेल. त्याचे पुढच्या दहा वर्षांचे गेम ज्या खात्यावर जमा होणार, ते त्याच्या खऱ्या नावाचं आणि भारताचंच असू द्या.

कंपन्याही या भिंती सांभाळायला काय काय करतात, त्याचं एक उदाहरण सांगतो. जून २०२५ मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीचा स्विच २ हा गेम खेळायचा नवा संच आला. जपानमध्ये त्याची फक्त जपानी भाषेत चालणारी आवृत्ती ४९,९८० येनला ठेवली आणि सगळ्या भाषांची ६९,९८० येनला. येन स्वस्त झालेला, बाहेरच्यांनी तिथून उचलून नेऊ नये, म्हणून भाषेचं कुलूप. युरोपात उलट झालं. तिथे एका देशात घेतलेला गेम शेजारच्या देशात चालू द्यायचा नाही, असं कुलूप लावलं म्हणून युरोपीय आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये व्हॉल्व्हला आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोचा दंड केला. तिथल्या ग्राहकामागे कायदा उभा राहिला. आपल्यामागे असं कोणी उभं नाही, म्हणून आपणच जपून चालायचं.

व्हॉट्सॲपवरच्या ९०० वाल्याबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण ही आग मी हातानं धरली आहे.

धुळ्याला देवपुरात माझं गेमचं दुकान होतं. चार टीव्ही, चार प्लेस्टेशन, तासाचे पैसे. २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत फुटबॉलचा नवा गेम आला होता आणि पोरं त्याच्याशिवाय बसायला तयार नव्हती. चार डिस्का घ्यायला पैसे नव्हते. एकानं फोनवर ‘सेकंडरी अकाउंट’ देतो म्हणून सांगितलं, अकराशे रुपयांत. त्यानं एक आयडी आणि पासवर्ड पाठवला, मी टाकला, गेम डाउनलोड झाला, चालला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, दोन भाऊ आपले बसले, एकानं हातातला लाडू तसाच ठेवून कंट्रोलर घेतला. स्क्रीनवर गेमचं चित्र होतं, पण त्याच्या कोपऱ्यात छोटंसं कुलूप आलेलं. दाबलं तर उघडेना. पासवर्ड बदलला होता. विकणाऱ्याचा फोन बंद. मी त्या दोघांचे पैसे परत केले, पण धाकट्याचं तोंड अजून डोळ्यांसमोर आहे.

हा धंदा असा चालतो. विकणारा एकच प्रत घेतो, बऱ्याचदा स्वस्तातल्या देशाच्या खात्यावर, आणि त्या खात्याची किल्ली तीन-चार जणांना विकतो. ‘प्रायमरी’ म्हणजे तुमचा पीएस५ त्या खात्याचा मुख्य म्हणून नोंदवायचा, मग तुम्ही तुमच्या नावानं खेळू शकता. ‘सेकंडरी’ म्हणजे त्याच परक्या खात्यात शिरून खेळायचं, आणि नेट सतत चालू लागतं. दोन्हींमध्ये खातं त्याचंच राहतं. त्याच्या मनात आलं की तुम्ही बाहेर. कधी त्यानं चोरीच्या कार्डानं खरेदी केलेली असते, मग कंपनीच खातं बंद करते आणि सगळेच बाहेर. कॉम्प्युटरच्या गेमचे जे स्वस्त कोड बाहेरच्या वेबसाइटवर मिळतात, त्यांचंही पुष्कळदा असंच होतं. खात्यातल्या यादीत आलेला गेम एक दिवस नाहीसा होतो. म्हणून ताई, ९०० रुपयांत गेम मिळत नाही. ९०० रुपयांत काही दिवसांचं भाडं भरलं जातं, आणि ते दिवस किती हे दुसराच ठरवतो. तिकडे वळू नका.

आता डिस्क. तुम्ही डिस्कचा पीएस५ घेतला, हा या सगळ्यातला सगळ्यात शहाणा निर्णय झालेला आहे, कदाचित तुमच्याही नकळत.

प्लेस्टेशनच्या स्टोअरवर दुकानदार एकच. तो भाव सांगेल तोच भाव, सेल लागेपर्यंत. डिस्क मात्र दहा दुकानांत असते. ज्याचा माल अडकलाय तो कमी करतो. भारतात रीतसर आलेल्या डिस्कच्या मागे एमआरपी आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापलेलं स्टिकर असतं. एमआरपी ही वरची मर्यादा, तिच्या खाली घासाघीस करायला पूर्ण वाव. तुम्हाला ४,४०० सांगितले म्हणजे आणखी शे-दोनशे निघू शकतात. स्टिकरच नसेल तर डिस्क बाहेरून आलेली आहे. ती खोटी असेलच असं नाही, पण भाव करताना हे लक्षात ठेवा.

आणि खरा हिशोब खरेदीच्या भावाचा नसतोच. वापरलेली डिस्क तुम्ही २,८०० ला घेतली. भावानं दोन महिन्यांत गेम पुरा केला. तीच डिस्क दुकानदारानं २,२०० ला परत घेतली, तर तुमचा खर्च झाला ६०० रुपये. दोन महिन्यांच्या खेळाला ६०० रुपये. तोच गेम डिजिटल घेतला तर ४,९९९ गेले ते गेले, कारण डिजिटल गेम कोणाला विकता येत नाही. फ्रान्समध्ये एका ग्राहक संघटनेनं यावर कोर्टात भांडण केलं. २०१९ मध्ये खालच्या कोर्टानं ग्राहकाच्या बाजूनं निकाल दिला, स्टीमवर घेतलेला गेम पुढे विकता यायला हवा म्हणून. २०२२ मध्ये वरच्या कोर्टानं तो फिरवला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा कायदा जानेवारी २०२५ पासून लागू झाला. तुम्ही वस्तू विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेता आहात, हे दुकानदारानं खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगायला हवं, एवढंच तो म्हणतो. डिस्कच्या बाबतीत ही भानगडच नाही. ती तुमच्या कपाटात आहे. विका, शेजारच्याला द्या, चाळीसगावच्या मावसभावाच्या डिस्कशी बदला. कोणाला विचारायला नको.

आईला हाच ६०० चा हिशोब सांगा. त्या चिडल्या आहेत त्या ४,९९९ वर.

वापरलेली डिस्क घेताना मात्र नीट बघून घ्या, आणि दुकानातच बघा. मधल्या भोकात बोट घाला, कडेला धरा, चमकती बाजू वर करून ट्यूबलाइटखाली हळूहळू तिरकी करत फिरवा. मधून कडेकडे जाणारी बारीक केसासारखी रेघ असेल तर फारसं बिघडत नाही. गोल गोल, डिस्कच्या फेऱ्याच्या दिशेनं गेलेली रेघ वाईट. नखाला लागणारी खाच असेल तर कितीही स्वस्त दिली तरी ठेवून या. जुन्या सीडीचा चमकत्या बाजूचा थर जाड असायचा, आम्ही ती पॉलिश करून चालवायचो. पीएस५ ची डिस्क ब्लू-रे आहे, तिच्यात माहितीचा थर पृष्ठभागाच्या फक्त ०.१ मिलिमीटर खाली असतो. खोल ओरखडा गेला की पॉलिशनं काही होत नाही. डबीत जोडभाग उघडायच्या, एकदाच चालणाऱ्या कोडचा कागद असेल तर तो वापरलेलाच आहे असं धरून चला, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. आणि दुकानात प्लेस्टेशन जोडलेला असेल तर डिस्क घालून इन्स्टॉल पूर्ण होईपर्यंत थांबा. वीस-पंचवीस मिनिटं जातील, बाहेर जाऊन चहा घ्या, पण थांबा.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. पीएस५ च्या आधीचा जो पीएस४, त्याच्या जवळपास सगळ्या डिस्का पीएस५ वर चालतात. काही वर्षांपूर्वीचे फार चांगले गेम पीएस४ च्या डिस्कवर हजाराच्या आतबाहेर मिळून जातात, काहींना पीएस५ चं अपग्रेडही फुकट किंवा थोड्या पैशात मिळतं. भावाला नवाच हवा असणार, ते वयच तसं असतं. पण एका नव्याबरोबर दोन जुने आणून दिलेत तर पुढचे सहा महिने तो तुमच्याकडे काही मागायला येणार नाही.

नेटचाही विचार करा. आजचे काही मोठे गेम १०० जीबीच्या घरात किंवा त्याच्याही वर जातात. घरी फायबर असेल तर प्रश्न नाही. पण मोबाइलच्या दिवसाला दीड जीबी पॅकवर १०० जीबी उतरवायचे म्हणजे ६७ दिवस लागतील, आणि मध्ये लाइट जाणं आलंच. डिस्कवरून बराचसा गेम नेटशिवाय मशीनमध्ये चढतो. नंतरचे अपडेट तरीही उतरवावे लागतात, काही गेमचे ते फार मोठे असतात, एवढं मनात ठेवा.

डिजिटल कधी घ्यावा? जो गेम भाऊ वर्षभर रोज खेळणार, विकणारच नाही, तो सेलमध्ये निम्म्यावर आला की घ्यावा. डिस्क बदलायचा त्रास वाचतो. लहान लहान कंपन्यांचे कित्येक गेम डिस्कवर येतच नाहीत आणि तीन-चारशे रुपयांत इतके सुंदर असतात की त्यांना तसंच घ्यावं. पैसे भरायला तुमचं कार्ड खात्यावर कायमचं ठेवू नका. ठरावीक रकमेचं भारतातलं गिफ्ट कार्ड अधिकृत ठिकाणाहून घेऊन त्याच्या प्लेस्टेशन खात्याच्या वॉलेटमध्ये टाका. संपलं की संपलं. आणि मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं म्हटलं तर बहुतेक विकतच्या गेमना पीएस प्लसचं वेगळं सभासदत्व लागतं. ते गेमच्या किमतीत धरलेलं नसतं. हे पैसे भरायच्या आधी भावाकडून काढून घ्या, नंतर कळलं की घरात वाद होतो.

दुबईच्या मामेभावाचं प्रेम आहे, पण त्यात फारसं निघत नाही. तिथे व्हॅट ५ टक्के असला तरी मूळ भाव तिथल्या पगाराकडे बघून ठेवलेला असतो, त्यामुळे दिरहमचे रुपये केले की आकडा बहुतेक आपल्या एमआरपीच्या वरच जातो. डिस्क इथे चालेल, पीएस५ च्या गेमला देशाचं कुलूप नाही. पण त्या गेमचा एखादा जोडभाग पुढे भारतीय खात्यावरून घेतला आणि डिस्क जगाच्या दुसऱ्या विक्री-विभागाची निघाली, तर दोन्ही जुळत नाहीत. डबीच्या कडेवर पीपीएसए अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो, तो इथल्या डिस्कशी जुळतो का बघायला मामेभावाला सांगा. एवढं करण्यापेक्षा त्याला चांगला खजूर आणायला सांगितलेला मला आवडेल.

तर माझा सल्ला: पुढच्या सुट्टीला भावाला घेऊन जळगावला जा. वापरलेली २,८०० ची डिस्क ट्यूबलाइटखाली बघा. चांगली असेल तर २,५०० पासून बोलायला सुरुवात करा. पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा, “दादा, दोन महिन्यांनी हीच तुम्ही कितीला परत घ्याल?” तो आकडा त्याच्याकडून बिलाच्या मागे लिहून घ्या. लिहून द्यायला तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा. गोलाणीत दुकानांना तोटा नाही.